पेंडीकडून पाहिलेला थंड घाणा

मराठीने तेलांची नावे फार सोप्या रीतीने पाडली आहेत. बीचे नाव घ्यायचे आणि त्याला 'एल' जोडायचा. खोबरेल, एरंडेल, करंजेल, उंडेल. यांतले पहिले कोकणात आणि गोव्यात कढईत जाते, उरलेली तीन जात नाहीत. एरंडेल औषधाला आणि गाडीच्या आसाला, करंजेल खरजेवर आणि दिव्यात, उंडेल किनारपट्टीवरच्या दिव्यात आणि दुखऱ्या सांध्यांवर, अशी त्यांची वाटणी पूर्वीपासून ठरलेली आहे. काही बिया या दोन रांगांच्या मध्येही उभ्या आहेत. मोहाच्या बियांचे तेल शहरातल्या व्यापाऱ्याच्या लेखी साबणाचा कच्चा माल असते, तर आदिवासी भागांत ते जेवणात वापरले जाते. तरी मोटामोटी भेद स्पष्ट आहे: काही तेले पोटासाठी, काही कामासाठी. आज 'कोल्ड प्रेस्ड' किंवा 'लाकडी घाण्याचे' ही अक्षरे पोटासाठीच्या तेलाच्या बाटलीवर दिसतात आणि गिऱ्हाईक चव, वास आणि आरोग्य यांच्या नावाने जास्त पैसे मोजते. करंजेल किंवा निंबोळीचे तेल कोणी चाखणार नाही. त्याला चव नको आणि वास तर नकोच. मग ते थंड घाण्यावर काढण्याचा खटाटोप कशासाठी? अखाद्य तेलांचे छोटे उद्योग उभारण्याच्या योजना पुन्हा पुन्हा मांडल्या जातात, पण हा साधा प्रश्न क्वचितच कोणी नेटाने विचारतो. माझे म्हणणे असे, की त्याचे उत्तर तेलाच्या डब्यात सापडत नाही. ते पेंडीच्या पोत्यात आहे.

आधी थंड म्हणजे किती थंड, ते पाहू. बियांना बाहेरून उष्णता न देता, केवळ दाबाने तेल काढायचे आणि पुढे ते निवळून, गाळून किंवा पाण्याने धुऊन स्वच्छ करायचे, इतकाच या शब्दाचा अर्थ. दाब म्हटला की घर्षण आले आणि घर्षणाबरोबर ऊब आलीच. बैलाच्या घाण्यात उखळ आणि त्यात फिरणारा लाकडी दांडा इतके सावकाश चालतात की ती ऊब हवेत विरून जाते. स्क्रूच्या यंत्रात तसे होत नाही. व्हॅलेरियस अँडरसन या अमेरिकी माणसाने १९०० साली पेटंट घेतलेले 'एक्स्पेलर' हे त्याचे मूळ रूप. लोखंडी पिंजऱ्यात फिरणारा स्क्रू बिया पुढे ढकलत जातो, जागा आक्रसत जाते, फटींतून तेल झिरपते आणि दुसऱ्या टोकाने पेंड बाहेर पडते. हे यंत्र जोरात चालवले तर बी भाजल्यासारखे तापते. थंड काढायचे तर स्क्रूचा वेग कमी ठेवायचा, पेंड बाहेर पडते ती वाट फार आवळायची नाही आणि तापमान ५० अंश सेल्सियसच्या आसपास राखायचे. मोठ्या गिरणीत याच्या उलट चालते. तिथे बी आधी वाफेवर शिजवतात, कारण उष्णतेने पेशी फुटतात, प्रथिने गोठतात, तेल पातळ होते आणि सहज वाहते. त्यानंतर पेंडीत उरलेले तेल हेक्झेनसारख्या द्रावकाने धुऊन काढतात.

या तीन पद्धतींचा हिशेब एका उदाहरणाने उलगडतो. १०० किलो करंजाच्या बिया घेतल्या आणि त्यांत ३० टक्के तेल आहे असे धरले. थंड दाबानंतर पेंडीत सुमारे १० टक्के तेल राहते, म्हणजे हाती येते २२ किलो. शिजवून दाबले आणि पेंडीत ६ टक्के राहिले, तर साडेपंचवीस किलो येते. द्रावकाने पेंडीतले तेल १ टक्क्यावर आणले, तर २९ किलो. थंड घाणा चालवणारा माणूस दर क्विंटलमागे साडेतीन ते सात किलो तेल जाणूनबुजून सोडून देतो. तेल फक्त जाळायचेच असेल, तर हे सोडणे परवडत नाही, आणि 'आमचे तेल शुद्ध आहे' या वाक्याने ते परवडू लागत नाही. डिझेलच्या इंजिनाला बी भाजले होते की नव्हते, याचे काही देणेघेणे नसते. त्यामुळे थंड घाण्याची बाजू घ्यायची तर आधी हे मान्य करायला हवे, की सगळ्या अखाद्य बियांसाठी तो योग्य नाही. उष्णतेने नासणारे मोलाचे काहीतरी बीमध्ये असेल आणि त्याला खरा ग्राहक असेल, तरच त्याला अर्थ आहे.

या कसोटीला सर्वांत नेमकी उतरते ती निंबोळी. तिच्या मगजात चाळीस ते पन्नास टक्के तेल असते आणि त्याच्या सोबत आझाडिरेक्टिन नावाचे द्रव्य. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले, की बाकीची हिरवळ फस्त होत असताना कडुनिंब मात्र टोळांनी सोडून दिला. १९६८ मध्ये ब्रिटनमधल्या बटरवर्थ आणि मॉर्गन या संशोधकांनी हे द्रव्य बियांतून वेगळे काढले. किड्याला ते एका घावात मारत नाही. त्याची भूक मोडते, कात टाकण्याची क्रिया बिघडवते आणि पुढची पिढी रोखते. महाराष्ट्रातला कापूस आणि भाजीपाला पिकवणारा शेतकरी 'पाच टक्के निंबोळी अर्क' किंवा दुकानातली '१५०० पीपीएम' ही बाटली ओळखतो. त्यातला पीपीएमचा आकडा म्हणजे याच द्रव्याचे दहा लाखांतले प्रमाण. आझाडिरेक्टिनचा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे, की केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला तो प्रयोगशाळेत बांधायला २२ वर्षे लागली. ते काम २००७ साली पुरे झाले. कारखान्यात तो स्वस्तात घडवण्याचा मार्ग म्हणूनच नाही, बीकडेच जावे लागते. आणि हा रेणू तितकाच नाजूक आहे. उष्णता, ऊन, आम्ल, अल्कली यांतले काहीही त्याला मोडते. निंबोळी शिजवून घाण्यात घातली तर तेल थोडे जास्त मिळेल, पण ज्यासाठी निंबोळी गोळा केली ते द्रव्यच बऱ्याच अंशी जळून जाईल.

इथवरचे ठाऊक असलेला रसायनशास्त्राचा जाणकार एक आक्षेप घेईल आणि तो बिनतोड वाटतो. आझाडिरेक्टिन तेलात पुरते विरघळत नाही. दाबाने तेल निघाले तरी त्याचा मोठा भाग पेंडीतच राहतो. बाजारातली जास्त तीव्रतेची औषधे मेथॅनॉलसारख्या द्रावकाने अर्क काढून तयार होतात. मग घाणा थंड ठेवून तेलात थोडे जास्त आझाडिरेक्टिन आणल्याने असे काय मोठे साधले? आक्षेपातली माहिती खरी आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. मोलाचा भाग पेंडीत राहतो, नेमक्या याच कारणाने घाणा थंड हवा. थंड दाबातून निघालेली पेंड हा पुढच्या अर्काचा कच्चा माल आहे आणि शेतात सरळ घालायचे खतही. हेक्झेनच्या गिरणीत पेंडीतला द्रावक शेवटी वाफेने हाकलावा लागतो. म्हणजे थंड दाब दिलेली पेंड नंतर तिथे नेली तरी ती तापवली जातेच. तेलाचा हिशेब करणाऱ्याला थंड पेंडीतले दहा टक्के तेल वाया गेलेले दिसते. निंबोळी पेंड जमिनीत घालणाऱ्याला मात्र ते वाया गेलेले नसते, त्या तेलासह सगळा कडूपणा वाळवी आणि सूत्रकृमींविरुद्ध कामाला येतो. गोड तेलाच्या धंद्यातही पेंड विकली जाते, पण तिथे ती जनावराचे खाद्य आहे आणि तिचे मोल प्रथिनांवर ठरते. निंबोळीच्या बाबतीत पेंड आणि तेल ही दोन्ही एकाच औषधाची वेगवेगळी रूपे आहेत.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. गांधीजींनी १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा केला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे केंद्र झाले. तिथे झवेरभाई पटेल यांनी घाण्याचा अभ्यास करून सुधारलेला वर्धा घाणा घडवला. पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेल आणि साबण या उद्योगासाठी वेगळे संचालनालयच ठेवले. त्याच्यातर्फे सी. एम. केतकर यांनी १९६९ ते १९७६ या काळात निंबोळी पेंडीच्या खतावर सविस्तर काम केले. त्यांचा अहवाल कडुनिंबाविषयी लिहिणारे देशोदेशीचे अभ्यासक आजही उद्धृत करतात. त्याच सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत दिसून आले, की युरियावर निंबोळीचा लेप दिला तर जमिनीतल्या जिवाणूंकडून त्याचे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो आणि नत्र पिकाला जास्त काळ मिळते. २०१५ मध्ये केंद्र सरकारने देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा केला. टनामागे लागणारे तेल काही शे ग्रॅमच, पण देशात वर्षाला साडेतीन कोटी टनांच्या घरात युरिया खपतो. त्यामुळे तोवर झाडाखाली कुजणाऱ्या बियांना एकाएकी पक्का ग्राहक मिळाला. गुजरातेत जीएनएफसी या खत कंपनीने गावोगावच्या बायकांकडून निंबोळ्या गोळा करण्याची व्यवस्था उभी केली ती याच मागणीवर. औद्योगिक वापर म्हटले की डोळ्यांसमोर कारखान्याचे धुराडे येते. निंबोळीचा सर्वांत मोठा औद्योगिक वापर युरियाच्या पोत्यातून परत शेतात येतो.

पण सगळ्या बिया निंबोळीसारख्या नाहीत, आणि 'थंड ते चांगले' ही समजूत सगळीकडे लावली तर धोका आहे. एरंडाचे पाहा. जगाच्या बाजारातले बहुतेक एरंडेल भारतातून जाते आणि त्यातलेही बहुतेक गुजरातेतून. त्याच्यात जवळजवळ नव्वद टक्के रिसिनोलिक आम्ल असते. दुसऱ्या कोणत्याही सहज मिळणाऱ्या तेलात ते इतके नाही. म्हणून ते घट्ट राहते, थंडीत लवकर गोठत नाही, पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांना तेच वंगण होते आणि नायलॉन-११ हे प्लॅस्टिक आजही त्याच्यापासून बनते. औषधी एरंडेल थंड दाबाने काढतात, कारण तिथे फिका रंग आणि कमी आंबटपणा हवा असतो. पण एरंडीच्या बीमध्ये रायसिन हे भयंकर विषारी प्रथिन आहे. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. बी शिजवले की त्याची ताकद बरीचशी मोडते, थंड दाबात ते जसेच्या तसे जिवंत राहते. म्हणजे निंबोळीच्या पेंडीत जे वाचवायचे म्हणून घाणा थंड ठेवला, तोच थंडपणा एरंडीच्या पेंडीत जे मारायला हवे ते वाचवतो. अशी पेंड खाऊन कुत्री-जनावरे दगावल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा पेंड वाफवण्याची सोय नसलेल्या छोट्या घाण्यावर एरंडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोकण-गोव्यात काजूच्या टरफलातून निघणारे तेल हे आणखी एक उदाहरण. न तापवता काढले तर त्यात मुख्यतः ॲनाकार्डिक आम्ल असते. तापवले की त्याचे कार्डानॉल होते आणि ब्रेकच्या अस्तराला, रंगांना, रेझिनला हवे असते ते कार्डानॉलच. तिथे उष्णता शत्रू नाही, प्रक्रियेतली एक पायरी आहे.

थंड घाण्याच्या गावोगावच्या योजनांचा सर्वांत मोठा आधार आजवर जैवइंधनाचा होता आणि त्याचा अनुभव कडू आहे. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची, म्हणजे जत्रोफाची, लागवड एक कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर करून २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण साधण्याचे स्वप्न मांडले. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने तेच उद्दिष्ट २०१७ पर्यंत ढकलले. २०१८ च्या धोरणात जैवडिझेलचे उद्दिष्ट २०३० साठी ५ टक्के इतके खाली आले. झाड माळरानावर जगते हे खरे निघाले, पण जगणे वेगळे आणि भरघोस बी देणे वेगळे. पाणी आणि खत न दिलेल्या झाडांनी बी दिलेच नाही म्हणावे इतके कमी दिले. पेंडीनेही हात दिला नाही. तिच्यातले फोर्बोल एस्टर हे विष भाजल्यानेही नीट जात नाही, आणि त्याचा बराच भाग तेलातही उतरतो. एका बाजूला स्वस्त डिझेलशी स्पर्धा करणारे तेल, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक नसलेली पेंड, अशा जोडीवर कोणताही घाणा टिकत नाही. करंजाची स्थिती याहून बरी आहे. झाड आपल्या नदीकाठी आणि रस्त्याच्या कडेला आधीपासून उभे आहे, हवेतला नत्र ते मुळांशी साठवते. त्याच्या पेंडीला शेतात मागणी आहे आणि तिच्यातले करंजिन हे द्रव्य निंबोळीसारखेच नत्र धरून ठेवते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे प्रा. उडुपी श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या खेड्यांत करंजेलावर इंजिने चालवून दाखवली. जिथे विजेची तार पोचली नव्हती आणि बी, घाणा, इंजिन सगळे एकाच गावात होते, तिथे ते पटण्यासारखे होते. वीज आली की ते गणित बदलते. करंजेल जाळण्यापेक्षा चामडे कमावण्याच्या आणि साबणाच्या उद्योगात, आणि पेंड शेतात, हीच त्याची जागा योग्य आहे.

आता घाण्याच्याही आधीच्या गोष्टीकडे यायला हवे, कारण नुकसान बहुतेक वेळा तिथेच होते. निंबोळ्या पिकून पडतात त्या जून-जुलैत, नेमक्या पावसाच्या तोंडावर. गर गोड, बी ओले आणि हवा दमट. चार दिवस ढीग तसाच राहिला की बुरशी चढते, बीतली विकरे जागी होतात आणि तेलाचे रेणू फोडून मोकळी आम्ले तयार करतात. असे आंबलेले तेल साबणवाला भाव पाडून घेतो आणि जैवडिझेलवाल्याची तर अडचणच होते, कारण मोकळी आम्ले दोन टक्क्यांच्या वर गेली की अल्कली घालताच डिझेलऐवजी साबण होऊ लागतो. शिजवण्याच्या गिरणीत हे दोष काही प्रमाणात झाकले जातात. वाफेने विकरे मरतात, ओल उडते, पुढे शुद्धीकरणात रंग आणि वास काढता येतात. थंड घाण्यात यांतली एकही पायरी नाही. त्याच्यात घातले तेच बाहेर येते. थंड घाणा हा बी नीट ठेवणाऱ्याचा घाणा आहे. गर दोन-तीन दिवसांत काढून बी धुवायचे, सावलीत पातळ पसरून वाळवायचे, ओल दहा टक्क्यांच्या खाली आणायची, प्लॅस्टिकच्या नव्हे तर हवा खेळणाऱ्या पोत्यात भरायचे. कडक उन्हात वाळवले तर आझाडिरेक्टिन मोडते. आषाढात सावली आणि कोरडी हवा एकत्र मिळवणे किती कठीण, हे ज्याने त्या दिवसांत धान्य वाळवायचा प्रयत्न केला आहे त्याला सांगायला नको. घाण्यात घालतानाही एक बारकावा असतो. टरफल पूर्ण काढून निव्वळ मगज घातला तर स्क्रूला पकड मिळत नाही आणि तुपासारखा लगदा पिंजऱ्यात फिरत राहतो. थोडे टरफल मुद्दाम ठेवावे लागते.

छोट्या घाण्यांवरचा शेवटचा आक्षेप प्रतीचा आहे. खताचा किंवा औषधाचा कारखाना म्हणतो, आम्हाला दर खेपेला ठरलेल्या प्रतीचा माल हवा. पन्नास गावांतल्या पन्नास घाण्यांचे तेल पन्नास प्रकारचे असते. हे नाकारण्यात अर्थ नाही. एकाच राज्यातल्या निंबोळ्यांतही आझाडिरेक्टिनचे प्रमाण झाडागणिक आणि वर्षागणिक कितीतरी पटींनी बदलते. पण यावर बी शहरात नेऊन मोठ्या गिरणीत एकत्र करणे हा उपाय असता, तर प्रश्न केव्हाच सुटला असता. ओले बी ट्रकमध्ये जितका काळ राहते तितके बिघडते, आणि बिघडलेल्या हजार टनांची सरासरी चांगल्या शंभर टनांइतकी होत नाही. तेल मात्र डब्यात टिकते, आणि चांगली वाळलेली पेंडही टिकते. म्हणून दाब झाडाजवळ द्यावा आणि तपासणी, मिश्रण, अर्क काढणे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या जागी करावे, ही विभागणी मला जास्त पटते. अडचण आहे ती भावाची. आज निंबोळी किलोवर विकली जाते. ओली, बुरशी आलेली आणि नीट वाळवलेली यांना जवळजवळ एकच दर मिळतो, मग सावलीत पसरून रोज उलथापालथ करण्याचे कष्ट गोळा करणाऱ्या बाईने का घ्यावेत? याचे उत्तर महाराष्ट्राच्या प्रत्येक गावात रोज पहाटे दिसते. दूध संकलन केंद्रावर दूध नुसते मापून घेत नाहीत. फॅट आणि एसएनएफ तपासतात, आकडा पावतीवर येतो आणि पैसे त्या आकड्यावर मिळतात. निंबोळीच्या बाबतीत घाण्याच्या दाराशी ओल मोजायचे साधे यंत्र हवे, तेलातल्या मोकळ्या आम्लाची तपासणी हवी आणि आझाडिरेक्टिनची चाचणी करून देणारी एक प्रयोगशाळा जिल्ह्यात हवी. अखाद्य तेलांसाठी जे अनुदान आजवर यंत्रांच्या खरेदीवर गेले, त्यातला मोठा वाटा या तीन गोष्टींवर आणि पावसाळ्यात बी वाळवण्याच्या छपरावर खर्च व्हायला हवा, आणि निंबोळी वेचणाऱ्या बाईच्या हातात दूधवाल्यासारखीच आकडा छापलेली पावती पडायला हवी.